वाइंडिंगच्या दुकानात मी काय पाहिलं

हे बाहेर काढायला मला सात वर्षं लागली. सात वर्षांत मी ते देवापुढंसुद्धा बोलले नाही — हात जोडले की भलतंच काहीतरी मागून मोकळी व्हायची. आता तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसाला काही सांगायला बसले की मी त्याच्या तोंडाकडं बघायला लागते — याला काय वाटलं? हा उद्या कुणाला सांगेल? आत्ता नुसतंच ‘हं’ म्हणाला, ते कशासाठी? माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, कुमी दुधाचा तांब्या घेतानासुद्धा आधी हुंगून बघते, गवळ्यानं त्यात काय घातलंय ते.

संशयी आहे मी. पण तेवढंच असतं तर हे लिहायला बसलेच नसते. संशय आला, खोटा निघाला, विषय संपला — असं जगात रोज होतं. माझं तसं झालं नाही. संशय खोटा निघाला, हे मला कळलं. आणि त्यानंतर मी जे केलं —

थांबा. आधी घरातली माणसं सांगते.

मी कुमुद. हुबळीत केशवापुरात राहते, वडिलांच्या घरात. धारवाडला एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं कारकुनी केली, रोज बसनं जाऊन येऊन. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारू नका, त्यात काही गोष्ट नाही. घरात धाकटा भाऊ विनू, त्याची बायको शैला आणि त्यांचा ओंकार. विनू अचानक गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. ओंकार तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुढं तो बंगळूरला नोकरीला लागला आणि घरात आम्ही दोघीच राहिलो — नणंद आणि भावजय.

लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणी राहणार नाहीत अशा राहतात. मलाही तसंच वाटायचं. सकाळी शैला चहा ठेवायची, मी तिला पेपर वाचून दाखवायची. दुपारी ती कसूती करत बसायची — कापडाचे धागे मोजून मोजून करायचं आमच्याकडचं ते भरतकाम. शैला निपाणीची, पण कसूती तिनं इथं येऊन शिकली, आणि शिकवणारीपेक्षा पुढं गेली. बोलता बोलता करायची, पण धागा कधी चुकायचा नाही. संध्याकाळी दोघींपुरता भात लावायचा. मला यात काही कमी वाटत नव्हतं. तिला वाटत असेल का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं.

आणि एक गोष्ट सांगते, हसू नका. रोज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सुविचार पाठवायची. उगवता सूर्य, कमळाचं फूल, आणि खाली — आपलं आयुष्य आपल्या हातानं घडवा, वाट बघू नका, पाऊल उचला. ओंकार अंगठा पाठवायचा. शैला काहीच पाठवायची नाही. एकदा तिनं पोळ्या लाटता लाटता विचारलं होतं, “अक्का, हे तुम्ही वाचून पाठवता, का न वाचता?” दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नव्हते.

सुरुवात मिक्सरपासून झाली. चटणी वाटताना जळका वास आला, धूर आला, मिक्सर बंद. मी म्हटलं, नवा घेऊ. शैला म्हणाली, मोटार जळलीय, वाइंडिंग करून घेतलं की झालं, गावातच उणकलला एकजण चांगलं करून देतो म्हणतात. पिशवीत मिक्सर घालून अकराला गेली. आली चार वाजता. एवढा वेळ? “बसवून ठेवलं हो, म्हणाले लगेच करून देतो.” मिक्सर चालू झाला होता. पण तिच्या तोंडावर काहीतरी होतं — कुणीतरी तिचं फार दिवसांनी नाव घेऊन हाक मारल्यासारखं. मी ते बघितलं. मी सगळं बघते.

त्यानंतर ती मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दुपारी उणकलला जायला लागली. का? तर तिथल्या नव्या कॉलनीत एका बँकवाल्याच्या बायकोला कसूती शिकवते म्हणे. बरं. नाव काय बाईचं? “सुनंदा.” आठवड्यानं मी परत विचारलं. “सुजाता.” झालं — मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. कसूती शिकवायला जाते, मग दोऱ्यांचा डबा घरीच कसा? बोटांची टोकं का कापलेली? पदराला केसाएवढी बारीक तांब्याची तार अडकलेली दिसली एकदा. केसांना वास यायचा, पॉलिशसारखा, दारूसारखा, मला धड ओळखताही येईना. नवा चष्मा केला. फोन पालथा ठेवायला लागली. आणि गुणगुणायची! सेहेचाळीस वर्षांची बाई, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, भांडी लावताना गुणगुणते?

तुम्हीच सांगा, काय समजलं असतं तुम्ही? — नाही, राहू दे. तुम्हाला यात ओढायचं नाही मला.

एका मंगळवारी मी तिच्या मागं गेले. साठीची बाई मी, डोक्यावर पदर घेऊन बसच्या मागच्या दारानं चढले; ती पुढं बायकांच्या सीटवर, खिडकीशी. उणकलला तळ्याच्या अलीकडं ती उतरली, मी पुढच्या स्टॉपवर उतरून मागं चालत आले. रस्त्याला लागून दुकान होतं. बाहेर उघड्या पडलेल्या मोटारी, पंख्यांचे सांगाडे, शटर अर्धं वर. आत बाकड्यावर शैला आणि तिच्याजवळ एक माणूस, पन्नाशीचा, अंगात बनियन. दोघांची डोकी एकाच गोष्टीवर वाकलेली. त्यानं काहीतरी म्हटलं आणि शैला हसली. तोंड उघडून, मान मागं टाकून हसली. विनू गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगू? विनू होता तेव्हाही नाही.

मी रस्त्यापलीकडं शहाळ्याच्या गाड्याआड उभी होते. पाच मिनिटं असेन. पुढं जाऊन विचारावं, असं मनातसुद्धा आलं नाही.

घरी येऊन ओंकारला फोन लावला. “तुझी आई दुपारची कुठं जाते, ठाऊक आहे तुला? मला कसूती सांगते. मी डोळ्यांनी बघून आले — एका माणसाकडं जाते.” त्यानं कुठं ते विचारलं, मी उणकल म्हटलं. मग तो म्हणाला, “आत्या, तू हे कुणाला बोलू नकोस. मी शनिवारी येतो.” त्याचं लग्न जमत होतं तेव्हा, मिरजेच्या एका घरात. मला ठाऊक होतं ते. ठाऊक असूनच बोलले का? सात वर्षं हे स्वतःला विचारतेय, आणि जे उत्तर येतं त्याच्यावरही माझा विश्वास बसत नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चुकलं, पण समजू शकतो. थांबा.

गुरुवारी शैला दाताच्या डॉक्टरकडं गेली होती. म्हणजे त्या दिवशी ती दुकानात नसणार. मी परत उणकलला गेले. कशाला? आणखी काही हाती लागतंय का बघायला. शनिवारी ओंकारपुढं मांडायला. हातात घरातला जुना टेबलफॅन घेतला, गिऱ्हाईक म्हणून.

दुकानात एक बाई बसली होती. त्या माणसाची, चन्नप्पांची, बायको. गंगव्वा नाव. “बर्री अक्कारे, कुंदर्री,” म्हणत तिनं स्टूल पुढं ओढलं. चन्नप्पा कुठंतरी बोअरची मोटार काढायला गेले होते. मी फॅन दाखवला, तिनं कुठून आलात विचारलं, मी केशवापूर म्हटलं, आणि तिचा चेहरा एकदम फुलला. “तुम्ही शैलाक्काच्या मोठ्या नणंदबाई की काय? फोटोत बघितलंय तुम्हाला!” शैलानं तिला माझा फोटो दाखवला होता. माझा.

मग तिनं चहा मागवला आणि सगळं सांगितलं. अर्धं कन्नडमधे, अर्धं मराठीत, हातवारे करून. मिक्सर दुरुस्त होताना शैला तिथं बघत बसली होती. जळलेली तार सोडवायची, तिचे किती फेरे होते ते मोजायचे, तेवढेच फेरे नव्या तारेचे द्यायचे, खाचांमधे बसवायचे, दोऱ्यानं बांधायचं, वार्निशमधे बुडवून वाळवायचं. शैलानं विचारलं, मी करून बघू? चन्नप्पांनी गंमत म्हणून एक जुना पंखा दिला. तिनं फेरे बरोबर दिले. सगळेच्या सगळे, पहिल्याच दिवशी. “आमचे हे पंचवीस वर्षं करतात, अजून चुकतात,” गंगव्वा हसत म्हणाली. “देवानं तिला मोजायला शिकवूनच पाठवलंय.” शैला काम करायची तेव्हा गंगव्वा रोज तिथंच असायची, आतल्या बाजूला, बाहेरून दिसत नाही अशा जागी — मोटारी पुसत.

आणि शेवटी ती म्हणाली, धारवाडजवळ बेलूरला कारखान्यांच्या मोटारी भरून देणारं एक वर्कशॉप आहे, त्यांना हातानं तार भरणाऱ्या बायका पाहिजेत. चन्नप्पांनी शैलाचं नाव सुचवलंय, पुढच्या महिन्यापासून. तिथंच राहायला खोलीपण बघितलीय. “तुम्हाला सांगितलं असेलच की.”

“हो, सांगितलं ना,” मी म्हटलं. आणि चहा संपवला.

आता ऐका. बसमधे परत येताना मला काय वाटायला हवं होतं? हायसं. लाज. ओंकारला तिथूनच फोन लावून म्हणायला हवं होतं — अरे, मी मूर्ख आहे, तुझी आई एक हुन्नर शिकतेय. पर्समधेच होता फोन. पण माझ्या मनात काय होतं सांगू? खोली बघितलीय. एवढंच. ही जाणार, आणि मी त्या घरात एकटीच भात लावणार.

त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती तर मी स्वतःलासुद्धा फार उशिरा सांगितली. एक्केचाळिसाव्या वर्षी मी खात्याची परीक्षा पास झाले होते. बढती मिळत होती, म्हैसूरला. विनू म्हणाला होता, “अक्का, जा. आम्ही काय लहान आहोत?” मी गेले नाही. कचेरीत सांगितलं, भावाचा संसार आहे, माझ्यावाचून चालत नाही. सगळ्यांना तेच सांगितलं, वीस वर्षं सांगत आले, आणि लोकांनी मला त्यागी ठरवलं. त्याग कसला? मी भ्याले. परक्या गावात एक खोली, एक कुलूप, संध्याकाळी कुणी ‘आलीस का’ म्हणणारं नाही — त्याला भ्याले. आणि हीच खोली, हेच कुलूप ही बाई हसत हसत घ्यायला निघाली होती. मला न सांगता. मला विचारावंसंसुद्धा न वाटता. कुठून आलं हिच्यात ते? मला खरंच संशय आला — त्या माणसाचा नाही, तो केव्हाच संपला होता — त्या बळाचाच संशय आला. असं कुणी उगाच उठून आपलं आयुष्य घडवायला लागतं का? काहीतरी असलंच पाहिजे. नसेल तर मग मला ते का जमलं नाही?

शनिवारी ओंकार आला. जेवणं झाल्यावर त्यानं मधल्या खोलीत विषय काढला. ताठ बसला होता, ऑफिसातल्या मीटिंगला बसल्यासारखा.

“आई, तू उणकलला कुणाकडं जातेस?”

शैलानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. लपवलं नाही तिनं. म्हणाली, “मी वाइंडिंग शिकतेय. मोटारींचं. तुम्हा दोघांना आधी सांगणार नव्हते, कारण सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात. शिकून झाल्यावर सांगणार होते.”

ओंकार हसला. तिनं म्हटलं होतं तसाच. “वाइंडिंग? आई, काहीतरी पटेल असं सांग.”

“चल, आत्ता चल. दुकान दाखवते. चन्नप्पा आहेत, त्यांच्या घरच्या आहेत. विचार त्यांना.”

“मी तिथं जाऊन काय विचारू? माझी आई इथं काय करते म्हणून? मिरजेच्या लोकांच्या कानावर गेलं तर काय होईल, काही कळतंय का तुला?” आणि तो माझ्याकडं वळला. त्याचे डोळे भरले होते. सत्तावीस वर्षांचा मुलगा, पण पाचवीतल्या पोरासारखा बघत होता. “आत्या, तू बघितलंस ना. तू सांग. ही म्हणते ते खरं आहे?”

हो. एवढा एक शब्द. गंगव्वाच्या चहाची चव अजून जिभेवर होती माझ्या.

मी म्हटलं — शब्दन्‌शब्द आठवतोय — “दुकान होतं खरं, बाबा. पण शिकताना माणूस एवढा हसतो का, ते मला काय कळतंय.”

बघा. यात खोटं काहीच नाही. एक अक्षर खोटं नाही. तेहतीस वर्षं कचेरीत कागद लिहिले मी. सही कुठं करायची आणि कुठं नुसता शेरा मारून बाजूला व्हायचं, हे मला चांगलं येतं.

ओंकार उठून खिडकीपाशी गेला. शैला माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. कसूती करताना कापडाकडं बघायची तशी, धागे मोजत असल्यासारखी. मला वाटलं, आता बोलेल. बोलली नाही. ओंकारनं तिच्याकडून शपथ घेतली, विनूच्या फोटोवर हात ठेवून — परत तिथं पाऊल टाकणार नाही. तिनं हात ठेवला.

आठ महिने ती घरात राहिली. चहा, पेपर, कसूती, दोघींपुरता भात. मला हवं होतं ते सगळं मिळालं. गुणगुणणं तेवढं बंद झालं. सुविचार मात्र मी रोज पाठवत होते. थांबवले असते तर कुणाला शंका आली असती ना.

मग एका सकाळी, पूजा झाल्यावर, ती बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आली. “अक्का, मी बेलूरला चाललेय. शपथ उणकलच्या दुकानाची होती, ती मी मोडलेली नाही. ओंकारला आत्ताच फोन केला.” काय म्हणाला तो? “ठेवून दिला.” तिनं मला वाकून नमस्कार केला. मी ‘सुखी राहा’ म्हटलं. गॅसवर दूध होतं, त्याकडं बघायला आत गेले. परत आले तेव्हा ती गेली होती.

ओंकारनं बोलणं टाकलं. त्याच्या मते आई त्या माणसासाठी घर सोडून गेली. बेलूर, वर्कशॉप, सगळा बहाणा. लग्न मिरजेला झालं. शैला आली होती, बसनं, एकटी. तिसऱ्या रांगेत बसली, पाहुण्यांमधे. आणि वरमाईचा मान — तुम्हाला सांगायला जीभ रेटत नाही — वरमाईचा मान मला मिळाला. ओंकारच म्हणाला, आत्यानंच मला वाढवलंय. मुलीकडच्यांनी माझे पाय धुतले, मला पैठणी नेसवली. पाय धुताना मी समोर बघितलं. शैला माझ्याकडंच बघत होती. मी नजर खाली घेतली. लोकांना वाटलं, विनूच्या आठवणीनं गहिवरली.

तेव्हापासून दर दिवाळीला शैलाचा फोन येतो. “अक्का, बऱ्या आहात ना? गुडघा काय म्हणतो?” आणि मी फोन ठेवून तासभर विचार करत बसते — हिला काय हवंय? ही गोड का बोलते? हिला कळलंय का? कळलं असतं तर बोलली नसती. का कळलंय, म्हणूनच बोलते?

यंदा ओंकारला मुलगी झाली. बारशाला मी बंगळूरला गेले. शैलालाही बोलावणं गेलं होतं, फोनवर एका ओळीचं. ती आली, बाळासाठी कुंची घेऊन — काळ्या चंद्रकळेची, कडेनं सगळी कसूती. जेवली, बाळाला क्षणभर मांडीवर घेतलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत ओंकार माझ्याजवळ येऊन उभा राहिला. लेक खांद्यावर झोपलेली.

“आत्या,” तो म्हणाला, “तू तेव्हा त्या दुकानात नक्की काय बघितलंस? खरं सांग. मी काही म्हणणार नाही तुला.”

यापेक्षा सोपं कुणी कुणाला काय करून देणार? दार उघडून, बाजूला सरून उभा होता तो.

“जाऊ दे रे,” मी म्हटलं. “जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. आईच आहे ना ती शेवटी.”

त्यानं मान हलवली. काय समजायचं ते समजला. मी त्याला तसंच समजू दिलं.

हुबळीला परत आल्यावर मात्र मला अन्न जाईना, तरी तीन-चार महिने तसेच ढकलले. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, मी उठले आणि बेलूरला गेले. शैलाला सांगायचं ठरवून गेले होते. पत्रे टाकलेली लांबलचक शेड, आत मोटारींचा नुसता खच. शैला एका टेबलाशी उभी होती, चष्मा नाकावर, आणि चार बायका तिच्याभोवती. एकीच्या हातून तार घेऊन ती दाखवत होती — ओढू नको, नुसती सोबत जा तिच्या. मला बघून काम त्यांच्यावर सोपवून आली. मागच्या पायरीवर आम्ही बसलो. ती त्रेपन्न वर्षांची आहे, केस पिकलेत, बोटं राठ झालीत. माझ्यापेक्षा ताठ बसते.

मी सुरुवातच भलतीकडून केली. विचारलं, “शैला, हे बळ तुला कुठून आलं गं?”

“बळ कसलं, अक्का. तो मिक्सर उघडला त्यांनी, आणि मला वाटलं, हे मला येईल. जन्मात पहिल्यांदा तसं वाटलं. मग ते सोडवेना.” तिनं चष्मा काढून पदराला पुसला. “घरी होते ते आठ महिने रोज वाटायचं, आता जाईल ही इच्छा. नाही गेली. म्हणून मग मीच गेले.”

मी तोंड उघडलं. “मला तुला एक —”

“ठाऊक आहे मला.” तिनं आवाजसुद्धा वाढवला नाही. “तुम्ही गुरुवारी फॅन घेऊन आला होता. चहा घेतलात. गंगव्वाक्कानं त्याच संध्याकाळी मला फोन केला होता, तुझ्या नणंदबाई किती चांगल्या आहेत म्हणून.”

म्हणजे शनिवारी मधल्या खोलीत, मी ते वाक्य बोलले तेव्हा, तिला ठाऊक होतं. विनूच्या फोटोवर हात ठेवताना ठाऊक होतं. वाकून नमस्कार केला तेव्हाही.

“मग बोलली का नाहीस?”

“ओंकारनं तुम्हाला विचारलं होतं, मला नाही. माझं त्यानं ऐकून घेतलं होतं की आधी. तुम्हाला खोटं ठरवलं असतं, तर त्याच्याकडं मोठं म्हणून कोण उरलं असतं?” मग पदर खोचत उठली. “मला काही सांगू नका, अक्का. मला नवीन काय कळणार आहे? त्याला सांगा.”

तिनं मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. बस येईपर्यंत थांबली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

घराचं कुलूप काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. ओंकार. बाळ पालथं पडायला लागलं होतं, ते दाखवायला त्यानं व्हिडिओ लावला होता. मी बघितलं, कौतुक केलं. मग तो म्हणाला, “आत्या, दुपारी दोनदा लावला होता फोन. उचलला नाहीस. कुठं गेली होतीस?”

“कुठं नाही रे,” मी म्हटलं. “घरीच होते.”